नाईक आणि नायक

यंदाच्या गणपतीत सापगावच्या घरी माझं आणि माझ्या भाच्याचं कडाक्याचं भांडण झालं. आमच्याकडे मामा-भाच्यांचं भांडण झालं असं सांगितलं की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "बांध कुठला?" कारण शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात माणसं भांडतात ती बांधावरून, नाहीतर पाण्यावरून. (भातसा धरण आमच्या तालुक्यात आणि त्याचं पाणी मुंबईच्या नळाला, त्यामुळे पाण्यावरून भांडण्याचा आमचा हक्क वडिलोपार्जितच आहे.) पण हे भांडण बांधावरून नव्हतं आणि पाण्यावरूनही नव्हतं. ते बालाहो नावाच्या ग्रहावर जन्मलेल्या, मिथेन वायूवर जगणाऱ्या, ठेंगण्याठुसक्या पायदळी शिपायांवरून होतं. हा ग्रह शहापूर तालुक्यात येत नाही. मुरबाड तालुक्यातही येत नाही. तरीसुद्धा मी त्या शिपायांच्या बाजूने उभा राहिलो, ऐन आरतीच्या वेळी घरातल्या सगळ्यांचा रोष ओढवून घेतला, आणि आता हा लेख लिहून वाचकांचाही ओढवून घ्यायला तयार आहे.

आधी माझी ओळख करून देतो. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. ही दोन वाक्यं मी नेहमी एका श्वासात म्हणतो, कारण मध्ये दम घेतला तर ऐकणारा पहिल्या वाक्याला "वा!" म्हणतो आणि दुसऱ्या वाक्याला "असू दे" म्हणतो. वय चाळिशीच्या पुढे. बँकेत वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत माझ्या खुर्चीसमोरून सात मॅनेजर आले आणि बदलून गेले, आणि प्रत्येकाच्या निरोपसमारंभात मीच भाषण केलं. आता तर लोक म्हणतात की साहेबांची बदली होते ती माझं भाषण ऐकता यावं म्हणून. असो.

भाचा डोंबिवलीचा. नववीत आहे. मामाच्या गावाला येताना आम्ही लहानपणी एक पिशवी आणि एक भोवरा घेऊन यायचो. हा एक काळं खोकं, दोन वायरी आणि हातात धरायची दोन यंत्रं घेऊन आला, आणि गणपतीच्या आराशीशेजारी ठेवलेल्या टीव्हीला ते सगळं जोडून टाकलं. आईने विचारलं, "काय रे हे?"

"हेलो आहे, आजी."

"हेला? कुठून आणलास? म्हशाच्या जत्रेतून?"

म्हशाची जत्रा मुरबाड तालुक्यात भरते, तिथे गुरांचा मोठा बाजार असतो, तेव्हा आईचा प्रश्न अगदी रास्त होता. भाच्याने कपाळावर हात मारून घेतला आणि आजीला समजावून सांगितलं की हा रेडा नसून खेळ आहे, त्याचा पहिला भाग अमेरिकेत १५ नोव्हेंबर २००१ रोजी आला, आणि तेव्हापासून जगभर लाखो लोक तो खेळतात. एवढी तारीखवार माहिती त्याला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

तर खेळ असा. पाचशे वर्षांनंतरचा काळ. माणसांचं परग्रहावरच्या एका मोठ्या आघाडीशी युद्ध चाललेलं आहे. त्या आघाडीचं नाव कव्हेनंट. आघाडी म्हटलं की तिच्यात घटक पक्ष आले आणि घटक पक्षांत वरचा-खालचा आला. तसा तिथेही आहे. सगळ्यांत वर प्रॉफेट नावाचे धर्मगुरू, जे स्वतः तरंगत्या सिंहासनात बसून असतात. त्यांच्या खाली एलिट नावाचे उंचेपुरे सरदार. मग आणखी दोन-चार जाती. आणि सगळ्यांत तळाला आमचे हे शिपाई, ज्यांचं खरं नाव उंगॉय, पण ज्यांना सगळे ग्रंट म्हणतात. इंग्रजीत डुकराच्या गुरगुरण्याला ग्रंट म्हणतात. अमेरिकन फौजेत साध्या पायदळवाल्यालाही ग्रंटच म्हणतात. आणि उंगॉय या शब्दाचा अर्थ फिलिपिन्सच्या भाषेत माकड असा होतो. म्हणजे खरं नाव घ्यावं तर माकड आणि टोपणनाव घ्यावं तर डुक्कर, अशी या बिचाऱ्यांची बारशापासूनची सोय आहे.

आपली हवा त्यांना चालत नाही. म्हणून तोंडावर मुसकं आणि पाठीवर मिथेनची टाकी बांधून ते लढाईला येतात. टाकी पाहून ओटीवर बसलेल्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "ही पोरं गॅसचे सिलिंडर पोचवायला आलीत का?"

"नाही हो आजोबा, ते एलियन आहेत. त्यांना मारायचं असतं."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला भाच्याजवळ वेळ नव्हता, कारण तेवढ्यात त्याने तिघांना मारलं होतं.

मी शेजारी बसून बघत होतो. बँकेच्या माणसाला एक खोड असते, त्याला रंगांचा अर्थ लागल्याशिवाय चैन पडत नाही. पांढरी स्लिप भरणा, पिवळी स्लिप उचल, ही आमची अक्षरओळख. मी विचारलं, "काही जण नारिंगी आहेत आणि काही लाल. असं का?"

"नारिंगी म्हणजे मायनर. नवीन भरती. लाल म्हणजे मेजर. सीनियर. जास्त लढाया बघितलेला. खेळ अवघड पातळीवर लावला की नारिंगी कमी येतात आणि लाल जास्त येतात."

"मग हा लाल झाल्यावर त्याला काय मिळतं?"

"काय मिळणार? दोन गोळ्या जास्त लागतात त्याला."

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. सेवाज्येष्ठतेची इतकी अचूक व्याख्या आमच्या युनियनच्या एकाही पत्रकात मी वाचलेली नाही.

तरी भांडण अजून सुरू झालं नव्हतं. ते झालं पुढच्या पाच मिनिटांनी. भाच्याने एका लाल शिपायाच्या डोक्यात नेम धरून गोळी मारली, आणि त्या शिपायाच्या डोक्यातून रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडाले! वाढदिवसाला उडवतात तसे. आणि मागून लहान मुलं आनंदाने ओरडल्याचा आवाज आला. भाचा म्हणाला, "ही खास सोय आहे, मामा. तिसऱ्या भागापासून आहे, २००७ पासून. ग्रंट बर्थडे पार्टी म्हणतात."

मी म्हणालो, "बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणतो ना!"

आणि इथून आमचं जे जुंपलं ते आरतीची घंटा वाजेपर्यंत चाललं. भाच्याचे मुद्दे मी प्रामाणिकपणे इथे मांडतो. क्लार्क जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहितो. एकच बाजू लिहिणारे लोक पुढे निवडणुकीला उभे राहतात.

त्याचा पहिला मुद्दा असा की ग्रंट भित्रे आहेत. त्यांचा म्होरक्या एलिट पडला की ते हात वर करून किंचाळत सैरावैरा धावतात. मी म्हटलं, बाळा, तू कधी ऑडिटच्या आदल्या दिवशी बँकेचा मॅनेजर आजारी पडलेला पाहिला आहेस का? मी पाहिला आहे. आम्ही सगळे बी.कॉम., दोघे एम.कॉम., एक तर वकिलीची परीक्षा दिलेला. आणि आम्ही अगदी तसेच हात वर करून धावलो होतो. ज्याला आयुष्यभर "तू विचार करू नकोस, सांगितलं तेवढं कर" असं सांगितलं गेलं, तो सांगणारा पडल्यावर धावेल नाहीतर काय करेल? भित्रेपणा त्याचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. शिवाय धावणं म्हणजे भित्रेपणा हे कुणी ठरवलं? गनिमी काव्यात निम्मं कसब योग्य वेळी पळण्याचं असतं. तेच सरदाराने केलं की "माघार" आणि शिपायाने केलं की "पळ"! लाल होण्यासाठी आधी जिवंत राहावं लागतं. त्या लाल कपड्याचा अर्थच असा की हा गृहस्थ पुष्कळ वेळा योग्य वेळी पळालेला आहे आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालेला आहे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. पळून जाणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करणारे थोडे.

त्याचा दुसरा मुद्दा असा की नायक शूर आहे. हिरव्या चिलखतातला तो मास्टर चीफ एकटा शेकड्यांनी शत्रू लोळवतो. मी विचारलं, "तो मेला तर?"

"मागच्या चेकपॉइंटपासून परत सुरू होतो."

"किती वेळा?"

"कितीही वेळा."

मग यात शौर्य कुठे आलं? कितीही वेळा मरून परत येता येत असेल तर मीही उद्या शाखेत उभा राहून साहेबांना चार गोष्टी सुनावीन. खरा शूर तो, ज्याला एकच जीव आहे, हातात एक लहानसं पिस्तूल आहे, समोर ते चिलखतातलं अमर धूड आहे, आणि तरी जो आपल्या टाकीचं ओझं सावरत पुढे येतो. भाचा वकिली बुद्धीचा आहे. तो म्हणाला, "मामा, चेकपॉइंटपासून सुरू केलं की ग्रंटसुद्धा परत येतातच की!"

"येतात. पण कशाला? परत मरायला."

यावर तो क्षणभर थांबला. तेवढ्यात मी एक ठोसा आणखी लगावला. त्याच खेळाच्या तिसऱ्या भागात काही ग्रंट दोन हातांत दोन पेटते बाँब घेऊन तुझ्या अंगावर धावत येतात, असं तूच मघाशी सांगितलंस ना? मग ते भित्रे कसे? एकाच माणसाला सकाळी भित्रा आणि संध्याकाळी माथेफिरू म्हणायचं, पण मधल्या वेळात त्याला काय वाटत होतं हे विचारायचंच नाही!

तिसरा मुद्दा त्याने हळू आवाजात मांडला आणि तो मला लागला. तो म्हणाला, "मामा, ते विनोदी आहेत. लोकांना हसू यावं म्हणून ठेवलेत. तू विनोदी लिहितोस ना?"

आता मी विनोदावर आक्षेप घेणं म्हणजे वाण्याने मिठाला नावं ठेवण्यासारखं आहे. पण या बाबतीत मराठी माणसाची खोडही मला माहीत आहे. आमच्या कौटुंबिक नाटकांत वर्षानुवर्षं एक रामा गडी असायचा. चहाचा ट्रे घेऊन यायचा, एक चुकीचा इंग्रजी शब्द बोलायचा, हशा घ्यायचा आणि आत जायचा. त्या रामाला गाव होतं का, बायको होती का, त्याला पगार किती होता, हे तिसऱ्या अंकापर्यंत कळायचं नाही. ग्रंट म्हणजे अंतराळातला रामा गडी आहे. चिरक्या आवाजात बोलतो, पहाऱ्यावर झोपतो, धडपडतो आणि मरतो. मी ठेच लागलेल्या माणसाला हसतो, त्यावर माझं पोट नसलं तरी नाव आहे. पण ठेच लागलेला माणूस नेहमी तळाचाच का असावा? तरंगत्या सिंहासनातला प्रॉफेट घसरून पडला तर मी दुप्पट हसेन आणि कपटेसुद्धा उडवीन.

आणि गंमत अशी की खुद्द खेळ रचणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या कथेत या ग्रंटांनी २४६२ साली बंड केलेलं आहे. का, तर जॅकल नावाच्या शेजारच्या जमातीने त्यांच्या पेयात विष कालवून त्यांचा वंश खुंटवायचा घाट घातला म्हणून. वर बसलेल्यांनी न्याय काय केला? ग्रंटांच्याच ग्रहावर आग ओकली. म्हणजे तक्रार करणाराचीच बदली, हा नियम आकाशगंगेतही लागू आहे. पुढे २००७ साली जोसेफ स्टेटन यांनी 'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात दादाब नावाचा एक ग्रंट आहे. त्याला नाव आहे, धर्मश्रद्धा आहे, दुसऱ्या जातीतला एक जिवलग मित्रही आहे. आणि हे स्टेटन कोण? खेळात ग्रंटांचा तो चिरका आवाज काढणारे गृहस्थ हेच! ज्याने काही वर्षं त्यांच्या तोंडून ओरडून पाहिलं, त्यालाच शेवटी वाटलं की याला एक नाव द्यावं. हा पुरावा मी भाच्यासमोर ठेवला. (पुरावा भाच्यानेच दोन दिवसांपूर्वी मला सांगितला होता. पण बँकेत आम्ही गिऱ्हाइकाला त्याचेच पैसे परत देतो आणि तो आभार मानतो.)

भाचा म्हणाला, "पण ते एलियन आहेत! आपले थोडेच आहेत?"

हे ऐकून मी त्याला हाताला धरून अंगणात नेलं. सापगावाहून शहापूरकडे तोंड केलं की लांब माहुलीचे सुळके दिसतात. मी म्हटलं, तो किल्ला बघ. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, तो मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मराठ्यांनी तो परत घ्यायला हल्ला केला. पहिला हल्ला फसला, पुष्कळ माणसं मारली गेली. त्याच वर्षी पुढे मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. मोरोपंतांचं नाव राहिलं. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड, त्याचंसुद्धा नाव राहिलं. पण त्या पहिल्या रात्री जे कड्यावरून खाली आले, त्यांतल्या कितींची नावं तुला येतात? मला एकाचंही येत नाही, आणि मी याच मातीतला आहे. सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, तिच्यात शिवाजी महाराजांच्या पायदळाची उतरंड दिली आहे. नऊ-दहा माणसांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, त्यांच्यावर जुमलेदार, त्यांच्यावर हजारी. तुझा तो लाल ग्रंट म्हणजे कोण? चार-सहा नारिंग्यांना सांभाळून नेणारा नाईक! आपलाच माणूस, फक्त मुसकं बांधलेला.

आणि एलियनचं म्हणशील तर तेही ऐक. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन म्हणून जी फौज इराकात गेली, तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७. तुझ्या मास्टर चीफचा नंबर काय?

"११७," भाचा म्हणाला. त्याचे डोळे प्रथमच मोठे झाले.

बघ! कूत नावाच्या गावात ही फौज १९१५ च्या डिसेंबरपासून वेढ्यात अडकली. १४७ दिवस उपासमार. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे जनरल टाउनशेंड साहेबांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर कैदेतले दिवस आरामात काढले, आणि शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. त्यांतले कितीतरी वाटेतच मेले. त्या तैग्रिस नदीच्या काठच्या लोकांना ही सातारा-रत्नागिरीची पोरं कोण वाटली असतील? कुठल्या तरी परक्या ग्रहावरून आलेली, न कळणारी भाषा बोलणारी, कुणा तिसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढणारी. एलियनच! एलियन व्हायला आकाशात जावं लागत नाही रे. चुकीच्या बाजूने टीव्ही बघणारा कुणीतरी असला की पुरे.

हे माझं आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं, आणि ते निरोपसमारंभात झालं नाही याची मला अजून हळहळ वाटते. तेवढ्यात लाईट गेली. खेळ बंद पडला आणि आरती झाली.

आरतीनंतर लाईट आली. भाच्याने मुकाट्याने कपट्यांची सोय बंद केली आणि खेळ पुन्हा लावला. या वेळी नाना ओटीवरून उठून आत आले आणि टीव्हीसमोर खुर्चीत बसले. पडद्यावर एक लाल शिपाई आला. नानांनी विचारलं, "याची सर्व्हिस किती झाली?"

आम्ही दोघेही बघतच राहिलो.

"नाही, लाल आहे म्हणून विचारलं. मघाशी तू म्हणालास ना, लाल म्हणजे सीनियर."

"मेजर म्हणतात आजोबा."

"आमच्याकडे नाईक म्हणायचे," नाना म्हणाले.

इथे मला लेखणी थोडा वेळ खाली ठेवावीशी वाटते. पण भांडण मीच काढलं आहे, तेव्हा नावे बाजूही मलाच लिहिली पाहिजे.

नाना एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मराठी भाषेला मी पुष्कळ नावं ठेवतो, पण एका बाबतीत ती फार प्रामाणिक आहे. तलवार घेऊन कड्यावर चढणारा आणि फाईल घेऊन जिना चढणारा, दोघांनाही तिने शिपाईच म्हटलं. सरकारी कचेरीत शिपायाच्या वर नाईक असतो, त्याच्या वर हवालदार. सभासदाची उतरंड तिथे स्टुलावर बसून अजून नोकरी करते आहे. नानांना बावीस वर्षांनी, १९९४ साली, नाईक केलं. पगारात जी वाढ झाली ती आईच्या हिशोबाने गणवेश धुण्याच्या साबणातच विरघळली. पण ती ऑर्डर नानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवामागे ठेवली होती. दोन गोळ्या जास्त लागतील, एवढंच प्रमोशन.

१९९७ साली मी बारावीत होतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन मित्रांबरोबर त्या कचेरीत गेलो. आम्ही बाकावर बसलो होतो, आणि नाना साहेबांसाठी चहाचा ट्रे घेऊन समोरून आले. खाकी कपडे, टाचा झिजलेल्या चपला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मित्राने विचारलं, "ओळखीचे आहेत का रे?"

मी म्हणालो, "गावाकडचे आहेत."

नानांनी ते ऐकलं. ट्रेमधला चहा जरासुद्धा हिंदकळला नाही. साहेबांच्या खोलीचं दार त्यांनी पाठीने ढकललं आणि ते आत गेले. त्या संध्याकाळी घरी ते नेहमीसारखे जेवले. मला काही बोलले नाहीत. आम्हा तिघांपैकी त्या दोघांना दाखल्यासाठी पंधरा दिवस खेटे घालावे लागले. माझा दुसऱ्याच दिवशी नानांच्या खिशातून घरी आला. कुठला कागद कुठल्या खणात अडकतो, हे बावीस-पंचवीस वर्षं तिथे टिकून राहिलेल्या माणसालाच माहीत असतं. साहेबांना ते कळायच्या आत त्यांची बदली होते.

तर मुद्दा असा की मास्टर चीफवर चिडायचा मला अधिकार नाही, आणि भाच्यावर तर नाहीच. गोळी त्याच्या आधी मीच झाडलेली आहे, आणि नेम धरून झाडली आहे. माझा राग त्या कपट्यांवर होता. बारावीतल्या मुलाला "वडील काय करतात?" या प्रश्नाची धास्ती वाटते ती का? कारण नायक तेवढा मोजायचा आणि बाकी सगळे मारण्यासाठी किंवा हसण्यासाठी ठेवलेले असतात, असं त्याला पुस्तकांनी, सिनेमांनी, नाटकांनी आधीच शिकवलेलं असतं. आता ते काम खेळांनी अंगावर घेतलं आहे, आणि ते अधिक चोख बजावतात, कारण सिनेमात आपण नुसतं बघत होतो, इथे बोट आपलं असतं. वास्तविक नायक आणि नाईक हे मुळात एकाच घरचे शब्द. पुढे नेतो तो. पण एक 'य'कार घेऊन पडद्यावर चढला आणि दुसरा 'ई'कार घेऊन दाराबाहेरच्या स्टुलावर बसला. आणि गंमत बघा, तो मास्टर चीफसुद्धा हुद्द्याने मोठा अधिकारी नाहीच! मास्टर चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नौदलातला अनुभवी बिनकमिशनवाला. तोही शिपायांतूनच वर आलेला. म्हणजे एका शिपायाने दुसऱ्या शिपायांना मारायचं, आणि साहेब दोन्हीकडे खुर्चीत.

खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. मी बँकेतला आहे, चालू खातं बंद करा असं कधीच कुणाला सांगत नाही. माझी मागणी लहान आहे. लाल कपडा दिसला की एवढं आठवावं की याची सर्व्हिस झालेली आहे.

बाकी त्या रात्रीची हकिगत सांगून संपवतो. खेळात पुढे एका कोपऱ्यात एक लाल ग्रंट टाकीला टेकून चक्क झोपलेला सापडला. पहिल्या भागात ते असे झोपलेले पुष्कळ असतात. भाचा दबक्या पावलांनी त्याच्याजवळ गेला. नाना म्हणाले, "झोपलाय रे तो. राहू दे."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने सुस्कारा सोडला आणि झोपलेल्याला वळसा घालून तो पुढे गेला. मला भरून आलं. एवढ्या भाषणाचं चीज झालं, नवी पिढी सुधारली, असं वाटून मी चष्मा पुसायला काढला.

तेवढ्यात तो ग्रंट जागा झाला आणि त्याने मास्टर चीफच्या पाठीत सपासप गोळ्या घातल्या. पलीकडून आणखी दोघे आले. पडदा लाल झाला, मास्टर चीफ आडवा.

"बघितलंस, मामा? बघितलंस? तुझ्यामुळे!" भाचा किंचाळला.

नाना खुर्चीत खुदुखुदू हसत होते. इतकं हसताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ड्यूटी केली त्यानं," ते म्हणाले. "स्टुलावर डोळा लागला तरी घंटी वाजली की आम्ही उठायचोच."